सरडा मान काऊन हालवते

आमच्या घरी गोष्ट ऐकायची तर 'हाव' द्यावा लागे. इतर घरांत मुलं नाकातल्या नाकात 'हुं' करत आणि त्यांचं भागून जाई. आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते. दिवसभर इंजिनाची घरघर, टपावर चढणारी पोती आणि एकाच वेळी बोलणारी साठ माणसं, एवढ्यात काम करून त्यांना 'हुं' ऐकू येत नसे. निदान ते तसं सांगत. "तोंड उघडून हाव म्हन," ते म्हणायचे. "गोष्ट माह्या तोंडातून निंगते, तं तुह्या तोंडातून एक हाव निंगाले काय होते?"

एक वाक्य झालं की ते थांबत. आपण 'हाव' म्हटलं की पुढचं वाक्य येई. नाही म्हटलं तर गोष्ट तिथंच उभी राही. मी पुढे शिक्षिका झाले आणि मुलांना शब्दकोश बघायला शिकवू लागले, तेव्हा त्यात 'हाव' म्हणजे लोभ असं लिहिलेलं पाहून मला राग आला होता. आमच्याकडे हाव म्हणजे हो. आमच्या घरात तर तेवढंही नाही. आमच्या घरात हाव म्हणजे 'मी ऐकते आहे, पुढे सांगा'.

दुसरबीडला आमचं घर हमरस्त्यापासून आत, विहाराच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढे ओटा. ओट्यासमोर बोराटीच्या काट्यांचं कुंपण होतं, आणि त्यावर उन्हाळाभर सरडे बसलेले असत. बाबांची सुटी ज्या दिवशी येई त्या दिवशी जेवणानंतर ओट्यावर गोष्ट होई. भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो पाच-सहा हाव देऊन गोट्या खेळायला पळे. उरलेले सगळे हाव माझे.

बाबांना दहा-बारा गोष्टी येत असतील, पण मला हवी असे ती एकच. ती अशी सुरू व्हायची: "सरड्याले कान होते तवाची गोष्ट."

तेव्हा सरड्याला लांब कान होते, शेपटीवर झुबकेदार केस होते आणि डोक्यावर तुरा होता. सगळ्या शिवारात त्याच्याएवढा देखणा कुणी नव्हता. खडकपूर्णेच्या काठी एक म्हातारं कासव राहायचं. ते रोज सगळ्या प्राण्यांना गोळा करून गोष्ट सांगायचं. एके दिवशी त्यानं इतकी लांब गोष्ट सुरू केली की ऐकता ऐकता एकेक जण पेंगायला लागला. म्हैस झोपली, कोल्हा झोपला, मोर झोपला. एकटा सरडा जागा राहिला आणि हाव देत राहिला. शेवटी कासव म्हणालं, "माही पाठ वाळली रे बापा. पान्यात एक बुडी मारून येतो. तू हाव चालू ठेव, नाहीतं गोष्ट थंडी होऊन जाईन." आणि ते नदीकडे निघालं.

सरडा कुंपणावर बसून म्हणू लागला, हाव, हाव, हाव. म्हणून म्हणून त्याचा आवाज बसला. मग तो नुसती मान हलवू लागला. तेवढ्यात ससा जागा झाला. "सरडेभाऊ, तुमचे कान मले देता का?" सरड्याची मान खाली-वर. सशानं कान काढून घेतले. मग खार आली. "शेपटीचा झुबका देता का?" मान खाली-वर. झुबका गेला. मोरानं तुरा मागितला. तुराही गेला. म्हणून सशाचे कान त्याच्या अंगापेक्षा मोठे दिसतात, म्हणून खारीची शेपूट तिची वाटत नाही, आणि म्हणून सरड्याजवळ मानेशिवाय काही उरलं नाही.

मी दर वेळी तेच विचारायचे. "बाबा, सरडा 'नाही' काऊन म्हनला नाही?"

"तो सशाले कुठी म्हनून राह्यला होता? तो कासवाले म्हनून राह्यला होता."

"अन् कासव?"

"येऊनच राह्यलं आहे. कासवाची चाल पाह्यली नाही का तू?"

यावर बाबा स्वतःच इतके हसत की आतून आई विचारी, "काय झालं बाई एवढं?" गोष्ट तिलाही पाठ होती, तरी विचारी.

मला ते सगळं खरं वाटायचं. गल्लीतली पोरं सरड्याला दगड मारायची, कारण तो मान हलवून आपल्याला चिडवतो असा त्यांचा समज. मी त्या पोरांशी भांडायचे. एकदा एकाच्या पाठीत मी वहाणही घातली. भांडकुदळ म्हणून माझं नाव झालं ते तिथूनच, आणि खरं सांगायचं तर मला ते कधी फारसं खटकलं नाही.

पुढे आई गेली. भाऊ संभाजीनगरला एका कंपनीत लागला, तिथंच त्यानं संसार मांडला. मी धाड गावच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेते आणि एकटी राहते. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर वेळ मिळाला नाही म्हणते. बाबा निवृत्तीनंतर दुसरबीडलाच राहिले. शेजारी माझी आत्या, तिच्याकडे दोन वेळचं जेवण, सकाळी विहारात जाणं, संध्याकाळी स्टँडवर उभं राहून कोणती गाडी किती उशिरा आली ते बघणं. तक्रार काही नव्हती.

गेल्या संक्रांतीच्या आठवड्यात त्यांना लकवा झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय हळूहळू थोडा परत आला. बोलणं आलं नाही. सगळ्या शब्दांमधून एकच शब्द शिल्लक राहिला, हाव.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. यांना कळतं बऱ्यापैकी सगळं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. मानेचंही तसंच. नाही म्हणायला हलवायला जातील आणि ती हो म्हणाल्यासारखी हलेल. हातानं लिहिता येणार नाही. मात्र जुनं पाठ असलेलं कधी कधी आपोआप निघतं. ते खरंच होतं. सकाळी मी वंदना म्हणायला लागले की बाबा माझ्याबरोबर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्पष्ट म्हणत. वंदना संपली की पुन्हा हाव. पहिल्या दिवशी ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

दवाखान्यातून सोडलं तेव्हा मी त्यांच्या कॉटशी बसून विचारलं, "बाबा, माह्याकडं येता ना धाडले?"

"हाव," ते म्हणाले.

आत्या म्हणत होती की घरी आण, मी आहे. पण आत्याचं वय झालेलं, आणि मला वाटलं, आपण शिकल्यासवरलेल्या, आपल्याकडे नीट होईल. मी त्यांची बॅग भरली आणि धाडला आणलं.

इथं माझ्या शेजारी बांगड्यांचं दुकान असलेलं एक कुटुंब राहतं. त्यांच्या घरातल्या वयस्क बाईंना सगळी गल्ली चाची म्हणते, मीही म्हणते. मी शाळेत असताना त्या बाबांकडे बघत. खायला काही केलं की वाटी घेऊन येत आणि विचारत, "अब्बाजी, चलेगा ना?" बाबा म्हणत, "हाव." न्हावी घरी यायचा, त्यानं एकदा विचारलं, "मिशी ठेवू का काढू?" बाबा म्हणाले, "हाव." मी शाळेतून आले तर पन्नास वर्षांची मिशी गेलेली आणि बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी न्हाव्याला इतकं बोलले की तो दोन महिने आमच्या गल्लीत आला नाही. चहात साखर तीन चमचे? हाव. पंखा लावू? हाव. बंद करू? हाव.

एके दिवशी चाची दारातच थांबून म्हणाल्या, "बेटी, एक बात बोलूं? मैंने करेला दिया तो अब्बाजी हाव बोले, पर मुँह फेर लिया. उनका हाव हाव नहीं है." मी हसले आणि म्हटलं, "चाची, कारलं कुणालाच आवडत नाही." एवढं बोलून मी वह्या तपासायला बसले.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ आला. आल्या आल्या त्यानं ठरवून टाकलं होतं की बाबांना घेऊन जायचं. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे, जवळ व्यायाम करून घेणारे दवाखाने आहेत, वहिनी घरी असते. सगळं खरं होतं. तो बाबांसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाबा, येता ना माह्यासंग?"

"हाव."

"पाह्य," भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "ते सोताच म्हनून राह्यले."

"ते सगळ्यालेच हाव म्हनते. त्यायले तू विहिरीत उडी मारता का विचारलं तरी हाव म्हनतीन."

"मंग तू इथं आनलं तवा काय म्हनले होते ते?"

"ते येगळं होतं."

"काऊन येगळं?"

मी आवाज चढवला. लहानपणापासून माझी हीच रीत. आठ महिने मी त्यांचं हगणं-मुतणं काढलं आणि तू फोनवरून औषधांची नावं विचारत होतास, असं मी बोलले. ते अर्धंच खरं होतं. खर्चापासून दवाखान्यापर्यंत बरंच त्यानं बघितलं होतं. त्यानं सोमवारी सकाळी निघायचं ठरवून गाडीवाल्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी बाबांना दाराबाहेर खुर्चीत बसवलं होतं. चाचींच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक सरडा येऊन बसला आणि मान हलवायला लागला. बाबा त्याच्याकडे बघत होते. उद्या ते जाणार होते. मी पायरीवर बसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सरड्याले कान होते तवाची गोष्ट."

"हाव," बाबा म्हणाले.

मी मान वर करून बघितलं. हा हाव नेहमीचा नव्हता. आखूड होता, आणि म्हणताना त्यांनी हनुवटी थोडी पुढे केली होती. पुढचं वाक्य मागितलं होतं.

आजवर गोष्ट त्यांनी सांगितली होती आणि हाव मी दिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी सांगत होते. नदी, कासव, पेंगणारे प्राणी. प्रत्येक वाक्याला बरोबर जागेवर हाव येत होता. कासव बुडी मारायला गेलं. हाव. सरड्याचा आवाज बसला. हाव. मी आता रंगात आले होते, आणि घाईत माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग म्हैस जागी झाली अन् तिनं सरड्याचे कान मांगले."

बाबा काहीच बोलले नाहीत.

मी थांबले. पुन्हा म्हटलं, "म्हशीनं कान मांगले." ते माझ्याकडे बिनतिकिटाच्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. तोंड घट्ट मिटलेलं.

तेव्हा मला आठवलं. आम्ही ऐकतो आहोत की नुसतंच हाव हाव करतो आहोत हे बघायला बाबा मध्येच काहीतरी खोटं घुसडून देत. कोल्ह्यानं पायजमा घातला, सशानं मुंबईची गाडी धरली. त्याला जो हाव म्हणेल तो पकडला गेला. खोट्याला गप्प बसायचं, असा आमच्या ओट्यावरचा नियम होता.

"सशानं मांगले," मी म्हटलं.

"हाव."

मी उठून आत गेले आणि दाढी करत असलेल्या भावाला फेसासकट बाहेर ओढून आणलं. त्याच्यासमोर पुन्हा करून दाखवलं. ससा, हाव. खार, हाव. तुरा गाढवानं नेला, गप्प. तुरा मोरानं नेला, हाव. भाऊ टॉवेल हातात धरून उभा राहिला. त्याला पाच-सहा हावांच्या पुढची गोष्ट कधी माहीतच नव्हती. त्याला सगळं समजावून सांगावं लागलं.

बाबांना काही विचारायचंच नाही, हे मला तेव्हा सुचलं. विचारलं की हाव येणारच, तो आता त्यांच्या हातात नाही. त्यांना सांगायचं. मी पायरीवर त्यांच्या पायाशी सरकून बसले.

"एक कंडक्टर होता."

"हाव."

"त्याले लकवा झाला."

"हाव."

"त्याचा पोरगा त्याले न्याले आला."

"हाव."

"मंग तो पोरासंग मोठ्या शहरात राह्याले गेला."

बाबा गप्प. भिंतीवरचा सरडा निघून गेला होता, तरी ते तिकडेच बघत होते. भावाच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. त्यानं हळूच म्हटलं, "एक डाव पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. बाबा गप्पच.

मला आनंद झाला. लपवत नाही, मला भावाचं तोंड बघून आनंद झाला. मी जिंकले असं वाटलं, आणि त्याच जोरात मी पुढचं वाक्य बोलले.

"तो नाही गेला. तो धाडलेच पोरीपाशी राह्यला."

मी हावाची वाट बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटलं, म्हणून मोठ्यानं म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ओठ मिटलेले होते, आणि मला वाईट वाटेल हे त्यांना कळत होतं. तरीही ते खोट्याला हाव म्हणणार नव्हते.

भाऊ काही बोलला नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

मला पुढचं वाक्य बोलायला फार वेळ लागला. मला ते माहीत होतं. आत्यानं दवाखान्यात तेच सांगितलं होतं.

"तो दुसरबीडले आपल्या घरी गेला," मी म्हटलं.

"हाव," बाबा म्हणाले. मग पुन्हा, "हाव." आणि डावा हात उचलून मला खूण केली, पुढं सांग.

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडले. दवाखान्यात मी प्रश्न विचारला होता आणि मला हवं ते उत्तर उचललं होतं. चाची बोलल्या तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. न्हाव्यानं मिशी नेली म्हणून मी गल्ली डोक्यावर घेतली, आणि मी त्यांचं घर नेलं होतं, विहार नेला होता, स्टँडवरच्या उशिरा येणाऱ्या गाड्या नेल्या होत्या. ते सगळं मी प्रेमानंच केलं, हे खरंच आहे. पण म्हातारपणी आपल्या बापाला आपल्यापाशी ठेवायची मला हाव सुटली होती, शब्दकोशात लिहिलेली.

सोमवारी भावानं ठरवलेली गाडी आली, पण ती दुसरबीडला गेली. भाऊ आठ दिवस राहिला. त्यानं ओट्याच्या पायरीला आणि संडासाला धरायला पाइप बसवून घेतले, जुन्या गावातल्या एका मुलीला आत्याच्या मदतीला लावलं. आत्यानं काही विचारलं नाही. तिनं आपल्या भावाला, बाबांना, ओट्यावर बसवलं, पुढ्यात भाकरी आणि पिठलं ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ आले घरी." बाबा म्हणाले, "हाव." हे तिनं शिकून केलं नव्हतं. ती पहिल्यापासून तशीच बोलते.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी निघते. दोन गाड्या बदलून तिन्हीसांजेच्या आत पोचते. आता आमचं सगळं बोलणं गोष्टीतच चालतं. "मंग कंडक्टरनं आंघोळ केली." हाव. "मंग त्यानं औषध घेतलं." गप्प. "त्यानं औषध घेतलं, अन् मंग त्याले गूळ भेटला." हाव. मिशी पुन्हा वाढली आहे, पांढरी. मी वर्गातल्या गमती सांगते, त्यात मुद्दाम चार खोट्या घालते, आणि ते मला पकडतात. अजूनपर्यंत मी त्यांना एकदाही फसवू शकलेले नाही. बोलता यायचं तेव्हा आम्ही इतकं बोलत नव्हतो.

रविवारी चार वाजता परतीची गाडी असते. पिशवी भरून मी ओट्यावर येते, त्यांच्या समोर बसते आणि म्हणते, "मंग ती पोरगी चारच्या गाडीनं धाडले चालली गेली."

मी थांबते. बाबा माझ्याकडे बघत असतात. इतक्या रविवारांत त्यांनी या वाक्याला एकदाही हाव दिलेला नाही.

मी उठते आणि गाडी धरते.